बारक्याच्या पडद्यावर दोन भाऊ

मित्रांनो, मी एक जुना मोबाईल आहे आणि हे सांगताना मला जराही लाज वाटत नाही. तुमच्या घरी असतील ते नवे मोबाईल, एका हातात मावत नाहीत एवढे रुंद आणि आरशासारखे गुळगुळीत. माझा पडदा मात्र पत्त्याच्या पानाएवढा. वरच्या कोपऱ्यात तडा गेलेला, कोळ्याने जाळं विणावं तसा. पाठीवरचं झाकण रबरबँडने धरून ठेवलेलं. पण थांबा, हसू नका. लासूर स्टेशनच्या एका दुकानाची वेबसाईट उघडलीत, तर पहिल्याच फोटोच्या मधोमध मी आहे. मी तिथं कसा पोचलो, ते ऐका.

माझा जन्म कारखान्यातला. माझ्यासारखेच असंख्य भाऊ एका रांगेत, एका रंगाचे, एका वजनाचे. कोण थोरला, कोण धाकटा, कुणाला ठाऊक नाही आणि कुणी विचारलंही नाही. खोक्यात झोपून मी छत्रपती संभाजीनगरला आलो आणि पैठण गेटजवळच्या एका दुकानात काचेआड उभा राहिलो. तिथून मला नेलं ते देवगाव रंगारीच्या भिकनआबांनी. आबांचं घर मेंढरं राखणारं. कळप घेऊन ते रानोमाळ हिंडत, तेव्हा आज मुक्काम कुठं आहे हे घरी कळावं, एवढंच माझं काम.

काय दिवस होते ते! आबा मला प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून कोपरीच्या आतल्या खिशात ठेवायचे. लोकरीचा वास, बिडीचा वास आणि आबांच्या छातीची धडधड. वाटेत एखादी पिठाची गिरणी लागली की तिथं मला चार्जिंगला लावायचे आणि परत घेताना अंगावरचं पीठ फुंकरायचे. एकदा एका एडक्याने माझ्यावर पाय दिला. तो हा तडा. मला वाटलं, संपलं आता. पण आबांनी मला धोतराच्या सोग्याला पुसलं, कानाला लावलं आणि म्हणाले, "बोलतंय की अजून. लई चिवट हाय."

माझ्या आयुष्यातलं ते पहिलं कौतुक. अजून पाठ आहे मला.

पुढं आबांनी मेंढरं कमी केली आणि सगळं घर शहरात मुकुंदवाडीला राहायला आलं. आबांनी दुसरा मोबाईल घेतला. मी गेलो त्यांच्या मुलीकडे, रत्नमालाकडे. तेव्हा ती शाळेत होती. माझ्या इवल्याशा पडद्यावर बोटाने ओढून ओढून तिने मैत्रिणीसाठी वाढदिवसाचं शुभेच्छापत्र बनवलं. फुलं, फुगे आणि मधे मैत्रिणीचा फोटो. दुसऱ्या दिवशी वर्गातल्या सगळ्या पोरी म्हणाल्या, आम्हाला पण. मित्रांनो, तिची पहिली डिझाईन माझ्या अंगावर उमटली आहे, हे विसरू नका.

ती मात्र विसरली. औरंगपुऱ्यात क्लास झाला, टीव्ही सेंटर भागात एका फ्लेक्सच्या दुकानात काम झालं, मग जुना का होईना पण लॅपटॉप आला. आणि मी पत्र्याच्या पेटीत गेलो, सेफ्टी पिना, तुटके हेडफोन आणि कुठल्याच टीव्हीचा नसलेला रिमोट यांच्या सोबतीला. तिथं अंधार किती आणि दिवस किती, मला सांगता येणार नाही. मोबाईल बंद असला की त्याला वेळ कळत नाही. फक्त एवढं कळतं की कुणी हाक मारत नाही.

मला बाहेर काढलं ते एका फजितीने.

रत्नाने फ्लेक्सचं दुकान सोडलं होतं आणि स्वतःची गिऱ्हाइकं धरायला सुरुवात केली होती. कुणाचा लोगो, कुणाचं लेटरहेड, आणि एक दिवस एका शिकवणीवाल्या बाईंची छोटी वेबसाईट. लॅपटॉपवर ती अशी देखणी दिसत होती म्हणून सांगू! पण बाईंचा फोन आला की माझ्या मोबाईलवर फोन नंबरच दिसत नाही, अर्धा कापला जातो. रत्नाने तिचा नवा मोबाईल पाहिला, त्यावर सगळं व्यवस्थित. बाईंचा मोबाईल जुना होता. तिची कानशिलं तापली. मग ती उठली, पेटी उघडली आणि मला शोधून काढलं.

त्या दिवसापासून मी तपासनीस झालो. काहीही बनवलं की आधी माझ्यावर उघडायचं. बटण अंगठ्याला सापडतं का, अक्षरं वाचता येतात का, पान उघडायला फार वेळ लागतो का. तिने माझं नाव ठेवलं बारक्या. "बारक्याने पास केलं की जगात कुठंही पास," असं ती सगळ्यांना सांगायची. माझी बॅटरी म्हातारी झाली होती, जरा काम पडलं की अंग तापायचं, पण मी ताठ मानेने पडद्यावर उजेड पाडायचो.

आणि मग आलं लासूरचं काम.

लासूर स्टेशनला बाजारपेठेत नानासाहेब आणि काकासाहेब या दोघा भावांचं आल्याच्या बेण्याचं दुकान. बेणं म्हणजे लागवडीसाठी राखलेलं आलं. लांबलांबचे शेतकरी त्यांच्याकडून नेतात. आता त्यांना वेबसाईट हवी होती, म्हणजे घरबसल्या मागणी नोंदवता येईल. पाडव्याला गुढी उभारायची, दुकानात पूजा करायची आणि जमलेल्या शेतकऱ्यांसमोर साईट सुरू करायची, असं ठरलं होतं. रत्नाचं हे पहिलंच मोठं काम.

घरीही पाडव्याचीच वाट पाहणं चाललं होतं. तिच्या शिवशंकरमामांनी शेंद्र्याच्या एका कारखान्यात गेटवरच्या नोंदींची नोकरी पाहून ठेवली होती. ते पाडव्याला उत्तर न्यायला येणार होते. रत्नाने आबांना स्वतःच सांगून टाकलं होतं की लासूरची साईट पाडव्याला सुरू झाली तर मी माझंच काम करीन, नाही झाली तर मुकाट्याने शेंद्रा. बोलून गेली खरी. नंतर मला हातात धरलं तेव्हा तिचा तळवा ओला होता.

पहिल्यांदा दुकान पाहायला गेली तेव्हा ती मलाही घेऊन गेली होती. दुकान एकच, पण टेबलं दोन, आणि त्यांची तोंडं विरुद्ध भिंतींकडे. मागं कधीतरी नानासाहेबांनी बांधावरची चिंच धाकट्या भावाला न विचारता तोडली. तेव्हापासून दोघे एकमेकांशी बोलत नव्हते. धंदा मोडला नव्हता, बोलणं मोडलं होतं. एक म्हणायचा, "त्यांना सांगा, खालच्या वावरातलं बेणं आलंय." दुसरा म्हणायचा, "त्यांना सांगा, दिसतंय मला." आणि दोघांच्या मधे जेमतेम एक माणूस उभा राहील एवढी जागा. निरोप पोचवायचं काम बहुतेक वेळा नानासाहेबांच्या पत्नी भागूबाई करायच्या. एकाच किटलीतला चहा त्या दोन्ही टेबलांवर ठेवायच्या, आणि निरोपही.

आता हे काम रत्नाकडे आलं. दोघांनी तिला नात्यातल्या सगळ्यांचे फोटो पाठवले. चुलते, मेव्हणे, एका भाच्याचा तर घोड्यावरचा फोटो. का, तर चौकातल्या फ्लेक्सवर असतात तसे साईटवर सगळे पाहिजेत. फ्लेक्सचं शास्त्र रत्नाला तोंडपाठ होतं. मोठा माणूस वर, त्याहून लहान खाली, आणि ज्याचा फोटो चुकून खाली गेला तो लग्नाला येत नाही. तिने गोड बोलून एकेक फोटो कमी केला, शेवटी दोघा मालकांचे दोनच उरले.

"मॅडम, आमचा फोटो किती बाय किती बसंल?" नानासाहेबांनी विचारलं होतं.

"नाना, फ्लेक्ससारखं फुटात नसतं ते. ज्याच्या हातात जेवढा मोबाईल, तेवढा."

"म्हंजी माणूस बदलला की मी बारीक-मोठा होणार?"

काकासाहेबांना हसू आलं. पण ते भिंतीकडे बघून हसले.

दोघांनी निक्षून सांगितलं होतं की फोटो शेजारी शेजारी पाहिजेत, एकाच मापाचे, तसूभर फरक नको. रत्नाने तसंच केलं. काकासाहेबांचा चेहरा फोटोत उजवीकडे वळलेला होता आणि नानासाहेबांचा डावीकडे. म्हणून तिने काकासाहेबांना डाव्या बाजूला ठेवलं आणि नानासाहेबांना उजव्या, म्हणजे दोघे एकमेकांकडे बघत आहेत असं दिसावं. उलट ठेवलं असतं तर रुसून पाठ फिरवल्यासारखे दिसले असते. लॅपटॉपवर दोघांनी वेगवेगळ्या वेळी येऊन पाहिलं आणि मान हलवली. माझ्यावरही तिने तपासलं. बटणं सापडत होती, अक्षरं स्पष्ट होती. पास.

पाडव्याच्या आदल्या दिवशी सकाळी तिने तिघांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर साईटची लिंक टाकली आणि चहा प्यायला बसली. मी शेजारीच पडलो होतो. तेवढ्यात तिचा मोबाईल टुणकन वाजला. आम्हा दोघांनाही वाटलं, शाबासकी आली.

नानासाहेबांनी ग्रुप सोडला होता.

रत्नाचा कप हातातच राहिला. तिने फोन लावला, त्यांनी उचलला नाही. परत लावला, कट केला. मग काकासाहेबांचा आवाजातला निरोप आला की लई भारी झालंय मॅडम, आता कायबी बदलू नका. रत्नाच्या काही लक्षात येईना. शेवटी भागूबाईंचा फोन आला, आवाज दबका.

"पोरी, आगं काय केलंस तू? धाकल्याचा फोटो वर आन् ह्यांचा खाली. उद्या गुढीला उभाच राहत नाय म्हणत्यात."

रत्नाने मला झडप घालून उचललं. साईट उघडली. आणि मित्रांनो, तेव्हा आम्हाला दिसलं. रुंद ओट्यावर दोन डबे शेजारी शेजारी मावतात, पण अरुंद फडताळात एकावर एक ठेवावे लागतात. लॅपटॉपचा पडदा ओट्यासारखा, मोबाईलचा फडताळासारखा. मोबाईलवर डावीकडचा फोटो आधी येतो, म्हणजे वर, आणि उजवीकडचा त्याच्या खाली. सगळ्या वेबसाईटी अशाच उघडतात. रत्नाने हे माझ्यावर आधीच पाहिलं होतं, पण तिला ते फक्त एकामागून एक आलेले दोन फोटो वाटले होते. नानासाहेबांना त्यात चौकातला फ्लेक्स दिसला. धाकटा भाऊ वर, आपण त्याच्या पायाशी. तोही उद्या सगळ्या गावाच्या हातातल्या मोबाईलवर.

मग सुरू झाली आमची धावपळ. तिने मोबाईलपुरता क्रम बदलला, नानासाहेब वर. पाहते तर आता काकासाहेब खाली. त्यांना हे दाखवायचीही गरज नव्हती, तेही ग्रुप सोडणार हे माहीत होतं. मग तिने दोन्ही फोटो इतके लहान केले की माझ्यावरही शेजारी शेजारी मावले. तो नमुना काकासाहेबांना पाठवला. उत्तर लगेच आलं की आधार कार्डावर सुद्धा मी यापेक्षा बरा दिसतो. मग काहीच सुचेना म्हणून तिने नानासाहेबांचा फोटो आरशासारखा उलटा करून पाहिला. शर्टाचा खिसा उजवीकडे गेला, गालावरचा तीळ दुसऱ्या गालावर. भागूबाईंच्या एका नजरेत पकडलं गेलं असतं. फोटोच काढून टाकावेत का, असं तिने फोनवर चाचपून पाहिलं, तर काकासाहेब म्हणाले, तोंड बघितल्याबिगर बेणं कोण नेईल?

दर वेळी ती लॅपटॉपवर काहीतरी बदलायची आणि मला उघडून बघायची. उघड, बंद. उघड, बंद. बाहेर फाल्गुन सरतानाचं ऊन आणि खोलीवर पत्रा. माझं अंग भाजायला लागलं, पाठीचं झाकण फुगून रबरबँड ताणला. तिने मला थंड फरशीवर पालथं ठेवलं, जरा निवलो की परत हातात. तिच्या अंगठ्याचं नख ती कुरतडत होती. दुपारपर्यंत एकही नमुना असा निघाला नाही की ज्यात दोघांपैकी एकाचा अपमान होणार नाही.

दारात आबा उभे होते. बराच वेळ उभे असावेत.

"शिवशंकरचा फोन व्हता. उद्या येतोय. काय सांगू त्याला?"

रत्नाने लॅपटॉप पिशवीत भरला, मला कमरेच्या खिशात टाकलं आणि चपला घातल्या. लासूरला जाऊन येते एवढंच म्हणाली. आबांनी वाटेतून बाजूला होत तिच्या हातात पाण्याची बाटली दिली.

रेल्वेत बसायला जागा नव्हती. दाराजवळच्या वाऱ्यात ती उभी राहिली आणि पुटपुटत बोलण्याची तयारी करत राहिली. नाना, ऐका ना. काका, मी काय म्हणते. प्रत्येक वाक्य अर्ध्यावर तुटत होतं. मला खिशातून काही दिसत नव्हतं, पण ती तुटलेली वाक्यं थेट माझ्यापर्यंत पोचत होती. तडा गेलेल्यांना असल्या गोष्टी लवकर कळतात.

दुकानात पोचलो तर लाईट गेलेली. लॅपटॉप वायर लावल्याशिवाय चालत नाही, म्हणजे तो गेला कामातून. पंखा बंद, आल्याचा तिखट वास, पोत्यांच्या थप्प्या. नानासाहेब त्यांच्या टेबलाशी, काकासाहेब त्यांच्या. एकमेकांकडे पाठ. भागूबाई उद्याच्या गुढीसाठी कळशी घासत दाराशी बसलेल्या. रत्ना मला हातात धरून मधल्या तेवढ्याशा जागेत उभी राहिली आणि बोलायला लागली. डावीकडचं वर का येतं, ते तिने समजावून सांगितलं. मुद्दाम केलं नाही, हे शपथेवर सांगितलं. आणि मग वाटेत सुचलेली एकमेव गोष्ट तिने मांडली. दोघांचे दोन फोटो असले तर पडदा त्यांना एकाखाली एक ढकलणारच. पण फोटो एकच असेल आणि त्यात दोघे असतील, तर कुठलाही पडदा त्यांना वेगळं करू शकत नाही. तर एक फोटो काढू द्या, दोघांचा मिळून. आत्ता. इथंच.

भागूबाईंचा हात कळशीवर थांबला.

"त्यांना सांगा," नानासाहेब म्हणाले, "मला फोटोची हौस नाय."

"त्यांना सांगा," काकासाहेब भिंतीला म्हणाले, "मला तर त्याहून नाय."

साईट अशी बंद राहणार, शेंद्र्याला होकार जाणार, सगळं रत्नाने तिथंच गिळलं. पण काम अर्धवट टाकून जायची तिला सवय नव्हती. निघता निघता ती म्हणाली की निदान बेण्याच्या फोटोखालचं नाव तरी पक्कं करून द्या, कोणत्या वावरातलं लिहू? तिने तिच्या मोबाईलवरून मला इंटरनेट दिलं, माझ्यावर बेण्याचं पान उघडलं आणि मला नानासाहेबांच्या टेबलावर ठेवलं. माझ्या बॅटरीचं चिन्ह लाल झालं होतं. मी मनात म्हटलं, थोडा वेळ, फक्त थोडा वेळ.

नानासाहेबांचा चष्मा घरी राहिला होता. त्यांनी मला लांब धरलं, जवळ धरलं, तिरकं धरलं. माझा पडदा पत्त्याच्या पानाएवढा, त्यावर आल्याचा एक गड्डा.

"वरच्या वावरातलं हाय," ते म्हणाले. "लिवा तसं."

पाठीमागून आवाज आला. "खालच्या वावरातलं हाय ते. फोटो मीच काढून धाडला व्हता."

"खालच्याला एवढे मोठे डोळे कधी आले?"

डोळा म्हणजे आल्याचा कोंब जिथून फुटतो ती जागा. बेण्याची सगळी किंमत त्याच्यावर. आणि मित्रांनो, गंमत बघा, या वेळी त्यांना सांगा असं कुणी म्हणालं नाही. काकासाहेब उठले. ती एक माणूसभर जागा त्यांनी ओलांडली आणि ते नानासाहेबांच्या खांद्यामागे येऊन वाकले. पण माझा पडदा एवढासा! मागून काय दिसणार? ते आणखी वाकले. नानासाहेब जरा सरकले. दोन टोप्या एकमेकींना घासल्या. एक जाड बोट माझ्यावर टेकलं, मग दुसरं.

"हा बघ कोंब. हा वरच्याचा हाय व्हय? वरच्याचा पिवळा पडतो."

"मोबाईलच पांढरा दावतोय."

"मोबाईलला कशाला नावं ठेवतोस? तुझा चष्मा आण आधी."

माझ्या डोक्यावर दोघांचे श्वास येत होते. मला उजेड राखायचा होता, बाकी काही नाही. तेवढ्यात पलीकडून बारीक आवाज झाला, टिक.

दोघांनी माना वर केल्या. रत्नाच्या हातात तिचा मोबाईल होता. ती घाबरली होती, पण तिने तो लपवला नाही. तिने तो फोटो तिथल्या तिथं माझ्यावर पाठवला आणि म्हणाली, आधी बघा, नको म्हणाल तर आत्ता पुसून टाकते.

दोघांनी पाहिलं. फोटोत एक टेबल, मागे पोती आणि दोन भाऊ एकाच छोट्याशा मोबाईलवर वाकलेले. काकासाहेबांच्या भुवया चढलेल्या, नानासाहेबांचे डोळे बारीक झालेले, दोघांची बोटं एकाच जागी. कुणाचंच कॅमेऱ्याकडे लक्ष नाही.

माझा उजेड मंद होत चालला होता. शेवटी काकासाहेब म्हणाले, "पर ह्यात वर कोण आन् खाली कोण?"

भागूबाई कळशी खाली ठेवून आल्या. त्यांनी मला भावांच्या हातातून घेतलं, नीट पाहिलं आणि परत दोघांपुढं धरलं.

"दोघांच्याबी माना खाली हायत," त्या म्हणाल्या. "काय बघायचं ते बघा."

नानासाहेबांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली. मग रत्नाकडे वळून विचारलं, "हा किती बाय किती बसंल?"

उत्तर रत्नाने दिलं नाही. तिच्या आधीच काकासाहेब बोलले, सरळ भावाच्या तोंडाकडे बघून. "ज्याच्या हातात जेवढा मोबाईल, तेवढा."

आणि मी बंद पडलो.

पुढचं मी ऐकीव सांगतो. लाईट आली, रत्नाने तिथंच पोत्यावर बसून फोटो बदलला. पाडव्याला दुकानापुढं गुढी उभी राहिली, गुढीच्या एका बाजूला नानासाहेब आणि दुसऱ्या बाजूला काकासाहेब. लगेच गळ्यात गळे पडले, असं मुळीच समजू नका. टेबलांची तोंडं अजून भिंतीकडेच आहेत म्हणे. पण "त्यांना सांगा" बंद झालंय. आता एक दुसऱ्याला थेट म्हणतो, तुला कळत नाय, आणि भागूबाईंना तेवढं पुरतं. जमलेल्या शेतकऱ्यांनी आपापल्या मोबाईलवर साईट उघडली, मोठ्या, लहान, तुटक्या, सगळ्या मोबाईलवर, आणि सगळ्यांवर दोघे भाऊ एका ओळीत दिसले.

तिकडे मुकुंदवाडीत शिवशंकरमामा उत्तर न्यायला आले. आबांनी त्यांच्यापुढं पुरणपोळीचं ताट ठेवलं आणि म्हणाले, "ती कामाला गेलीय. लासूरला. जेवून जा तू."

रत्ना मला पैठण गेटला घेऊन गेली. दुकानदाराने माझं झाकण काढलं, फुगलेली बॅटरी पाहिली आणि म्हणाला की टाकून द्या, हे कशाला वापरता? रत्ना म्हणाली, "नवी बॅटरी बसवा. हा माझा तपासनीस आहे." मित्रांनो, हे माझ्या आयुष्यातलं दुसरं कौतुक. पहिल्याइतकंच मोठं.

आता जाता जाता माझं थोडं ऐका. आमच्यासारख्या जुन्या वस्तूंना पेटीत कोंडून ठेवू नका. अधूनमधून बाहेर काढा, पुसा, आमची पाठ फुगलेली दिसली तर मोठ्यांना सांगा, चार्जिंगला लावून विसरून जाऊ नका. आणि पुढं तुम्ही कधी दुसऱ्यांसाठी काही बनवलंत, चित्र, पान, वेबसाईट, काहीही, तर ते स्वतःच्या मोठ्या पडद्यावर बघून खूश होऊ नका. एकदा ज्याचा पडदा सगळ्यांत लहान आहे, त्याच्या हातात देऊन बघा. त्याला काय दिसतं ते विचारा.

तो फोटो आता रत्ना रोज माझ्यावर उघडते. त्यात मी आहे, दोन जाड बोटांच्या मधे. माझ्यावर तेव्हा काय दिसत होतं, हे फोटोत कुणालाच दिसत नाही, उजेडाचा नुसता एक पांढरा ठिपका दिसतो. पण मला ठाऊक आहे. आल्याचा एक गड्डा होता तो, आणि त्याच्या डोळ्यातून कोंब नुकताच डोकं वर काढत होता.